लवणासुराच्या विवरांत

बुरोंडीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांनीं खारें पाणी पाहण्यासाठीं घाट चढून थेट वऱ्हाडच्या पठारावर जावें, हें ऐकून आमच्या आळींतील मंडळींना हंसूं आलें, तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. "गुरुजी, समुद्र दारांत आहे, आणखी खारें पाणी तें काय पाहणार?" असें एकानें विचारलेंच. आम्हीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. खरें कारण सांगावयाचें तर आमची एक जुनी चूक सांगावी लागली असती, आणि शिक्षकाला आपली चूक भर आळींत सांगणें जड जातें. वाचकांपुढें मात्र ती सांगावयास हरकत नाहीं.

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें कांहीं वर्षें एका शास्त्रीबोवांपाशीं व्याकरण व काव्यें वाचलीं आणि शाळेंत लागलों. संस्कृत हा आमचा आवडीचा विषय. परंतु लहान शाळेंत एकाच मास्तराला चार विषय ओढावे लागतात, त्याप्रमाणें भूगोलाचा तासहि आमच्याच गळ्यांत पडला होता. १९८५ च्या सुमारास एके दिवशीं महाराष्ट्रांतील सरोवरें शिकवीत असतां आम्हीं सांगितलें कीं, बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचें मुख होय. लहानपणीं आम्ही तसेंच शिकलों होतों. तोंच मागच्या बांकावरील एक मुलगा उठला व म्हणाला, "गुरुजी, ज्वालामुखींतून रस बाहेर आला, तर तो तोंडाभोंवतीं सांचून डोंगर व्हावयास पाहिजे. तुम्ही तर म्हणतां, सरोवर सपाट माळावर आहे. मग डोंगर कोठें गेला?" आम्हांस उत्तर येत नव्हतें. तसें कबूल करण्याऐवजीं, "फार शहाणा झालास! बस खालीं," असें म्हणून आम्हीं सगळ्या वर्गाला त्याच्यावर हंसावयास लाविलें. त्या वर्षीं त्या मुलानें आमच्या तासाला पुन्हां प्रश्न म्हणून विचारला नाहीं.

तो मुलगा आज मराठवाड्यांत एका महाविद्यालयांत भूशास्त्र शिकवितो. एका दिवाळींत गांवीं आला होता, तेव्हां नमस्कारास आला आणि जातांना म्हणाला, "गुरुजी, एकदां जालन्याला या. तुम्हांला लोणार दाखवितों." त्याच्या मनांत कांहीं होतें कीं नव्हतें, देव जाणे, आमच्या मनांत होतें. २०२३ च्या डिसेंबरांत आम्ही उभयतां निघालों.

प्रवासाचें वर्णन करण्याजोगें फारसें नाहीं. दापोलीहून मुंबई, मुंबईहून रात्रीच्या गाडीनें जालना, आणि तेथून विद्यार्थ्याच्या मोटारींतून पुढें. वाटेंत सिंदखेडराजास उतरून राजमाता जिजाबाईंच्या जन्मस्थानाचें दर्शन घेतलें. डोळ्यांस जाणवला तो जमिनीचा फरक. आमच्याकडे जांभा दगड, तांबडी माती आणि चढउतार; येथें काळी भुई, कापूस, तूर, आणि नजर पोहोंचेल तेथवर सपाटी. तरी विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, वरची माती वेगळी दिसते, पण आपल्या बुरोंडीच्या जांभ्याखालीं जो काळा दगड आहे, तोच हा." साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून रस वाहून थरावर थर बसले, त्यांचें हें पठार. म्हणजे ज्वालामुखीचा संबंध अगदींच खोटा नव्हे, दगड त्याचाच. प्रश्न काय तो त्या दगडांत भोंक कोणीं पाडलें एवढाच.

लोणार गांवीं पोहोंचलों तेव्हां दिवस कलला होता, म्हणून सरोवर दुसऱ्या दिवसावर ठेवून दैत्यसूदनाचें दर्शन घेतलें. हें विष्णूचें देऊळ फार जुनें, काळ्या दगडाचें असून बाहेरच्या भिंती कोरीव मूर्तींनीं भरून गेल्या आहेत. गाभारा अंधारा आहे. डोळे स्थिरावल्यावर दिसतें कीं, भगवंत पायांखालीं दैत्यास दाबून उभे आहेत. तो दैत्य लवणासुर. त्याची कथा अशी सांगतात कीं, तो जमिनीखालीं विवर करून राही व वर येऊन लोकांस छळी. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन त्याच्या बहिणींस मोह घातला, त्यांच्याकडून लपण्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानें विवरावरचें झांकण उडविलें आणि आंत निजलेल्या दैत्यास मारिलें. सरोवराचें पाणी म्हणजे त्याचें रक्त, आणि खार म्हणजे त्याचें कुजलेलें मांस. झांकण कित्येक कोस दूर जाऊन पडलें, त्याची टेकडी झाली.

येथें संस्कृतज्ञ वाचक अडखळतील, कारण लवणासुर म्हटला कीं शत्रुघ्नानें मारलेला मधूचा पुत्र आठवतो. त्याची कथा उत्तरकांडांत आहे आणि रघुवंशाच्या पंधराव्या सर्गांतहि आहे. परंतु त्याचा वध यमुनेकांठीं, आजच्या मथुरेच्या भूमींत झाला. लोणारचा लवण त्याहून वेगळा. आमच्या मतें येथें आधीं लवण, म्हणजे खार होता, आणि त्यावरून असुर जन्मास आला. लवणापासून लोण आणि लोणापासून लोणार, ही व्युत्पत्ति सरळ दिसते. कथेस हंसण्याचा अधिकार मात्र आम्हां कोंकण्यांस नाहीं. आमच्या बुरोंडीस पृथ्वीच्या अर्धगोलावर परशुरामांची उंच मूर्ति उभी आहे, आणि बाण मारून समुद्र मागें हटविला व आमची भूमि वर काढिली, हें आम्हीं आईच्या मांडीवर ऐकिलें आहे.

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच कड्यावर गेलों. सरोवराची खूण दुरून कांहींच लागत नाहीं. शेतें, बाभळी, आणि समोर एक बुटका बांध असावा तसा चढ. तो चढ चढून गेलों, आणि पायांखालची जमीन एकाएकीं संपली. समोर प्रचंड वाटोळी कढई. पैलतीराचा कडा धुक्यांत निळसर दिसत होता. आंतल्या उतारावर दाट झाडी उतरत उतरत तळाशीं गेलेली, आणि तळाशीं हिरव्या रंगाचें पाणी, अगदीं निश्चल. आमच्या सौभाग्यवतींनीं हात जोडले. आम्हीं विचारलें, "देवीला का?" तर म्हणाल्या, "कोणाला तें ठाऊक नाहीं, जोडावेसे वाटले."

या कढईचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आहे, आणि कड्यापासून तळ सुमारें १४० मीटर खोल. पाण्याचा विस्तार एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सुमारें १.२ किलोमीटर. कडा भोंवतालच्या माळापेक्षां विसेक मीटर उंच आहे. हाच तो आम्हीं चढलेला बांध.

विद्यार्थी आम्हांस कड्याच्या एका उघड्या कपारीशीं घेऊन गेला. "गुरुजी, येतांना रस्त्याच्या कडेला थर कसे दिसले?" आम्ही म्हणालों, "आडवे. पुस्तकें रचून ठेवावीं तसे." "आतां येथें पाहा." पाहतों तों तेच थर येथें तिरपे झालेले, आणि कल खड्ड्याच्या बाहेरच्या बाजूस. जणु कोणीं आंतून धक्का देऊन कडा उचलून बाहेर मुरडला आहे. कड्यापलीकडे माळावर दगडांचा जो चुरा पसरला आहे, त्यांतहि खालचा थर वर आणि वरचा खालीं असा उलट क्रम आढळतो. फावड्यानें माती उपसून कडेला टाकिली असतां जसें होतें तसें. ज्वालामुखीचें मुख असतें तर या पठाराहून नवा रस किंवा राख भोंवतीं सांचली असती. तसें येथें कांहीं नाहीं. जें आहे तें त्याच जुन्या दगडाचें, फक्त फुटलेलें आणि उलथलेलें. मागच्या बांकावरचा तो डोंगर नव्हताच, म्हणून कोठें जाण्याचा प्रश्नच नव्हता.

ही गोष्ट कळावयास विद्वानांसहि फार दिवस लागले. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरींत येथील खाराचा उल्लेख आहे. कांच व साबण करावयास लागणारे पदार्थ येथें मिळतात आणि त्यांवरील जकातीचें उत्पन्न सरकारांत येतें, असें तो सांगतो. अलेक्झांडर नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें १८२३ सालीं या खड्ड्याकडे पाश्चात्यांचें लक्ष वेधिलें. पुढें गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें १८९६ सालीं अॅरिझोना प्रांतांतील अशाच एका खड्ड्याची लोणारशीं तुलना केली. परंतु दोन्ही खड्डे भूगर्भांतील वाफेच्या स्फोटानें झाले, असाच त्याचा कल होता. अॅरिझोनाचा खड्डा उल्केचा, हें १९६० च्या सुमारास निःसंशय ठरलें, आणि मग लोणारकडे संशयानें पाहावयास आरंभ झाला. अखेर भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिळून सरोवराच्या तळाला भोंकें पाडलीं. शंभरेक मीटर गाळ गेल्यावर खालीं चुरडलेला दगड लागला, आणि त्यांत एक विलक्षण पदार्थ सांपडला. काळ्या दगडांत फेल्डस्पार म्हणून जे स्फटिक असतात, ते वितळल्यावांचून, केवळ दाबानें, आपला आकार कायम ठेवून आंतून कांच झाले होते. अशा कांचेस मॅस्केलिनाइट म्हणतात. भट्टीच्या किंवा ज्वालामुखीच्या उष्णतेनें ती होत नाहीं. त्याला आकाशांतून येणाऱ्या प्रचंड वेगाच्या पाषाणाचाच आघात लागतो. हा शोध १९७३ सालीं प्रसिद्ध झाला.

१९७३ सालींच आम्ही मॅट्रिक झालों. म्हणजे प्रश्न सुटून बारा वर्षें झाल्यावर आम्ही जुनें उत्तर फळ्यावर लिहीत होतों.

मग तो पाषाण कोठें आहे? हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीं विचारला. त्यांची कल्पना, तळ्याच्या मध्यभागीं तो अजून रुतून बसला असेल. तसें नव्हे. अशा आघातांत पडणारा गोळा खड्ड्याच्या मानानें फार लहान, सामान्यतः विसाव्या हिश्शाच्या आसपास असतो; परंतु एका सेकंदास कित्येक किलोमीटर या वेगानें येत असल्यामुळें टेंकतांक्षणींच त्याची वाफ होते, आणि स्फोटानें खड्डा पडतो. बाणाप्रमाणें तो रुतून राहत नाहीं. झांकण उडून दूर जाऊन पडलें, एवढें मात्र पुराणिक आणि भूशास्त्रज्ञ दोघांसहि मान्य आहे!

हें केव्हां घडलें, याविषयीं अजून एकमत नाहीं. एका पद्धतीनें मोजतां ५२ हजार वर्षें येतात. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अरगॉन वायूवरून केलेल्या मोजणीनें ५ लक्ष ७० हजार येतात. ही तफावत दिसावयास केवळ आंकड्यांची आहे, पण पहिला आंकडा खरा धरला तर भोंवतालच्या रानांत मनुष्य असूं शकेल, आणि त्यानें तो प्रकाश पाहिला असेल. दुसरा खरा धरला तर आमच्यासारख्या मनुष्यानें तो पाहिला असणें शक्य नाहीं. विद्यार्थी दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

कड्यावरून उतरण्यापूर्वीं धारेचें दर्शन घेतलें. कड्याच्या अंगांतून बारा महिने वाहणारा हा गोड्या पाण्याचा झरा गोमुखांतून पडतो. पाणी थंड आणि चवीस उत्तम. खालीं विषासारखें खारें तळें आणि कड्याला हें अमृत, हा विरोध कोणाच्याहि मनांत भरेल. हें पाणी पठाराच्या दगडांत मुरलेल्या पावसाचें. तळें खारें होतें तें उतरल्यावर. कढईला बाहेर जाण्यास वाटच नाहीं. येणारें पाणी उन्हानें उडून जातें, आणि दगडांतून त्यानें विरघळवून आणलेलें द्रव्य मागें राहतें. हजारों वर्षें हाच क्रम चालला आहे.

उतरणीची वाट दगडांची आहे. आमच्या वयाच्या माणसानें सावकाश उतरावें. खालीं दाट सावली, मोरांचे आवाज, आणि वाटेवर वानरांच्या टोळ्या. कांठानें जुनीं देवळें ओळीनें आहेत. कांहीं पडकीं, कांहींत दिवा लागतो. कमळजा देवीचें देऊळ त्यांत मुख्य. तिचा नवरात्रांत उत्सव भरतो. जवळच सासू-सुनेची विहीर आहे म्हणतात. तिचें एका बाजूचें पाणी गोड व दुसऱ्या बाजूचें खारें. सासू कोणती आणि सून कोणती, हें विचारण्याचें धाडस आम्हीं घरच्या मंडळींच्या समक्ष केलें नाहीं. शिवाय पाणी चढलेलें असल्यामुळें ती विहीर दिसलीहि नाहीं.

पाण्याजवळ गेलों तशी उग्र घाण येऊं लागली; चिखलांत कुजणाऱ्या शेवाळाची ती घाण. आम्हीं बोट बुडवून चोळून पाहिलें. समुद्राचें पाणी बोटाला चिकचिकतें. हें साबणासारखें बुळबुळीत लागलें. येथें आम्हांस आपल्या 'खारें' या शब्दाचा अपुरेपणा कळला. आमच्या मिठागरांतलें तें मीठ. येथील खारांत मिठाबरोबर सोडा, म्हणजे आपल्या घरांतला पापडखार, आहे. पूर्वीं पाणी आटलें कीं कांठावरून हा खार गोळा करीत, आणि त्याच्या जातींस डल्ला, पापडी, भुसकी अशीं नांवें होतीं. हें ऐकतांच आमच्या सौभाग्यवतींनीं कांठावरची पांढरी पुडी पदरांत बांधावयास घेतली. "वहिनी, राहूं द्या," विद्यार्थी हळूच म्हणाला, "हें अभयारण्य आहे, येथून चिमूटभरहि नेतां येत नाहीं." त्यांनीं मुकाट्यानें ती जागच्या जागीं ठेविली.

इतक्या तीव्र खारांत मासे कोठले. पण जीव आहेत. हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा. २०२० च्या जून महिन्यांत हें पाणी एकाएकीं गुलाबी झालें होतें, तें वाचकांस आठवत असेल. लवणासुराचें रक्त वर आलें, असें म्हणणारेहि भेटले असतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत नमुने तपासले, तेव्हां कारण निघालें तें खारांतच वाढणारे, गुलाबी रंग धारण करणारे सूक्ष्म जंतु. उन्हाळ्यानें पाणी आटून क्षार वाढला आणि त्यांचें फावलें. पाऊस पडला आणि रंग गेला. मिठागरांत पाणी आटत आलें कीं तांबूस छटा येते, ती अशाच जंतूंची. ती आम्हीं जन्मभर पाहिली आणि एकदांहि कारण विचारलें नाहीं.

तेथेंच एका दगडावर बसून आम्हीं तो विषय काढला. मनांत वाक्यें जुळवून ठेविलीं होतीं, तीं ऐन वेळीं आठवलीं नाहींत. आम्ही एवढेंच म्हणालों, "अरे, सातवीच्या वर्गांत तूं मला डोंगराचें विचारलें होतेंस. तुझें बरोबर होतें. मीं तुला उगाच बसविलें."

तो क्षणभर पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आठवतें, गुरुजी. पण माझें बरोबर होतें असें नाहीं. मला ठाऊक नव्हतें, म्हणून मीं विचारलें होतें."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. इतकीं वर्षें आम्ही तो मुलाचा आगाऊपणा समजत आलों होतों, आणि अलीकडे त्याची हुशारी समजूं लागलों होतों. तो साधा प्रश्न असेल हें मनांत आलें नव्हतें. थोड्या वेळानें तोच बोलूं लागला, आणि बोलला तो सरोवराविषयीं. मंगळाचा पृष्ठभाग बव्हंशीं, आणि चंद्राचा कांहीं भाग, अशाच काळ्या दगडाचा आहे. त्यावरचे खड्डे समजावयाचे तर पृथ्वीवर त्या दगडांतला, इतका चांगला टिकलेला खड्डा पाहिजे, आणि तो येथें आहे. म्हणून परदेशचे शास्त्रज्ञ येथें येतात. १९७९ सालीं याला राष्ट्रीय भूवारशाचा दर्जा मिळाला, २००० सालीं अभयारण्य झालें, २०२० च्या नोव्हेंबरांत रामसर यादींत नांव लागलें. त्याला काळजी वाटते ती पाण्याची. बाहेरचें गोडें पाणी किंवा गांवचें सांडपाणी आंत अधिक आलें, तर क्षार पातळ होईल आणि त्यांतली जीवसृष्टि बदलेल. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला आहे. "गुरुजी, आघात सोसून तें राहिलें," तो म्हणाला, "आतां मोरीच्या पाण्याची भीति!"

चढतांना आम्हांस तीन ठिकाणीं बसावें लागलें. शेवटच्या टप्प्यावर त्यानें हात दिला, तो आम्हीं घेतला.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं पावसाळा संपल्यावर, हिंवाळ्यांत जावें. जालना किंवा मेहकर येथून मोटार सोयीची पडते. पायांत चांगला जोडा, हातांत काठी, आणि पिण्याचें पाणी बरोबर असावें. उतरून, कांठचीं देवळें पाहून वर यावयास अर्धा दिवस सहज लागतो. दैत्यसूदनाचें देऊळ सायंकाळीं न पाहतां सकाळीं पाहावें, म्हणजे बाहेरच्या मूर्ति उन्हांत नीट दिसतात. आम्हीं ती चूक केली. पापडखार मात्र आमच्याकडे परत आल्यावर दापोलीच्या वाण्याकडूनच आला.